रुंद टायर आणि रोजचे पाच किलोमीटर

माझ्या दुकानात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मी पहिली दोन मिनिटं संशयाने बघतो. हे मी लाजत नाही, मिरवत सांगतोय. जोगेश्वरीला हायवेच्या कडेला सत्तावीस वर्षं टायर विकल्यावर माणूस एक तर संत होतो किंवा पोलीस. संत होण्याएवढा वेळ मला मिळाला नाही.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक खोटं बोलतं, माल आणून टाकणारा खोटं बोलतो, हे तुम्हाला पटेल. पण टायरसुद्धा खोटं बोलतो, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. घासून गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कोरतात, वरून काळं पॉलिश फासतात, आणि म्हातारा हळद लागल्यासारखा चमकत उभा राहतो. अशा वेळी मी खाली वाकतो आणि त्याच्या बाजूवरचे चार आकडे शोधतो. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कोणतं वर्ष. ही टायरची जन्मतारीख. एकदा एकाने आणलेल्या सहा टायरांवर नेमकी तेवढीच जागा कानशीने घासलेली होती. मी विचारलं, "याला काय झालं?" तो म्हणाला, "वाहतुकीत घासलं." सहाही टायर, एकाच जागी, एकाच मापात घासले! मी त्याला चहा पाजला आणि टायरांसकट परत पाठवला.

तर असा मी. लोक मला मास्तर म्हणतात, कारण खिशात कायम मोजपट्टी आणि खडू असतो, आणि आकडे समजावून सांगायची खाज आहे. ती खाज तुमच्यावरही थोडी भागवून घेतो, कारण पुढची गोष्ट त्या आकड्यांवरच उभी आहे.

समजा टायरवर लिहिलंय १९५/८० आर १५. पहिला आकडा रुंदी: फुगवलेला टायर या गालापासून त्या गालापर्यंत एकशे पंच्याण्णव मिलिमीटर. शेवटचा पंधरा म्हणजे आतल्या लोखंडी रिमचा व्यास, इंचात. मिलिमीटर आणि इंच एकाच ओळीत का, असं मला विचारू नका, मी सत्तावीस वर्षं वाट बघतोय कोणी सांगेल म्हणून. आर म्हणजे रेडियल, आतल्या धाग्यांची बांधणी. आणि मधला ऐंशी? इथे निम्मी मुंबई घसरते. लोकांना वाटतं ती उंची. ती उंची नव्हे, टक्के आहेत! रुंदीच्या ऐंशी टक्के एवढी रिमवरची रबराची भिंत. म्हणजे रुंदी वाढवली की मधला आकडा तोच ठेवला तरी उंची आपोआप वाढते. एवढंच काय, मधला आकडा थोडा कमी केला तरी वाढू शकते. त्यापुढे आणखी एक आकडा असतो, तो टायर किती वजन पेलेल त्याचा. तो कोणी बघत नाही. मी बघतो.

घाटकोपरच्या एका लादीवाल्याला त्याच्या ट्रकच्या मागच्या जोडचाकांना रुंद टायर हवे होते. "मास्तर, मागून बघणारा हलला पाहिजे!" मी म्हटलं, शेठ, जोडीतल्या दोन टायरांमध्ये माझी मूठ गेली पाहिजे. वजन पडलं की टायर पसरतो, मग दोघे एकमेकांना घासतात, तापतात आणि फुटतात. त्याला वाटलं मी महागाचा माल गळ्यात मारायला बघतोय. दुसरीकडून बसवून घेतले. वीस दिवसांनी ट्रक माझ्या दारात, आणि दोन्ही टायरांचे आतले गाल सोलून निघालेले. मी नुसती मूठ दाखवली. बोललो काही नाही. असं न बोलण्यात जी मजा आहे ती बोलण्यात नाही.

सांगायचा मुद्दा हा, की टायरच्या बाबतीत मी चुकत नाही, असं माझं पक्कं मत होतं. मग मालाडच्या समुद्राकाठची चंद्रामावशी आली.

चंद्रामावशी म्हणजे कोळीवाड्यातलं मोठं प्रस्थ. तिची एक पिकअप गाडी आहे. रोज सकाळी सहाला मढच्या धक्क्यावरून मासळी आणि बर्फ भरून निघते, मुलुंडला थोडा माल टाकते, घाटकोपरला उरलेला, आणि रिकामी परत. गाडी चालवतो वामन. हा मूळचा आमच्या मालवणकडचा, मालाडलाच राहतो. चौदा वर्षं मावशीकडे. बोलायला इतका कमी की दोनदा हॉर्न वाजवला तर त्याने भाषण केलं असं वाटावं.

मावशीची तक्रार साधी होती. "मास्तर, भरलेली गाडी धक्क्याच्या वाळूत रुतते रं. रोज दहा माणसं ढकलायला लागतात. मना रुंद टायर घाल."

मी काम चोख केलं, हे मी आजही सांगेन. गाडीचं पुस्तक बघितलं. त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी २३५/७५ आर १५ देते. रिमची रुंदी चालत होती, वजनाचा आकडा आधीपेक्षा वरचढ होता. स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक आत कुठे घासतं का ते मोजलं. मावशीला खडूने फरशीवर गणित मांडून दाखवलं: आधीची भिंत एकशे छपन्न, आताची एकशे शहात्तर, म्हणजे वर-खाली मिळून चाक चार सेंटिमीटरने उंच. मावशी म्हणाली, "म्हंजे मी उंच बसणार!" आणि खूश होऊन गेली. जुने चार टायर दुकानातच ठेवले, गिऱ्हाईक लागलं तर विकायला. वामनने जाताना मान हलवली. त्याच्याकडून एवढंच मिळतं.

तीन आठवड्यांनी मावशी परत आली, एकटी, रिक्षाने. टोपली नाही, हसू नाही. स्टुलावर बसली आणि कमरेच्या पिशवीतून एक वही काढली.

"मास्तर, यो वामन चोरी करतो."

वही वामनच्याच हातची होती. रोज किती किलोमीटर गाडी फिरली आणि किती डिझेल भरलं, तो स्वतः लिहायचा. वर्षानुवर्षं एकच ओळ: चौऱ्याऐंशी किलोमीटर, सात लिटर. आणि गेले तीन आठवडे: एकोणऐंशी किलोमीटर, सात लिटर. एकोणऐंशी, सात. एकोणऐंशी, सात.

"रस्ता तोच, माल तोच, डिझेल तेवढाच," मावशी म्हणाली. "मग पाच किलोमीटर कुठं गेले?"

आता खरं तर मी इथे थांबायला हवं होतं. तीन आठवड्यांपूर्वी काय बदललं, एवढा एकच प्रश्न विचारायचा होता. पण मंडळी, माझ्यासमोर एक गुन्हा आयता आणून ठेवला होता! माझी सत्तावीस वर्षांची संशयाची तालीम अशा दिवसासाठीच झाली होती. मी उठलो, दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं, आणि आवाज खाली आणला.

"मावशी, हा मीटरची वायर काढतो."

"म्हंजे?"

"तुझी गाडी जुनी. मीटरची वायर खालून हाताने सुटते. हा वाटेत कुठेतरी वायर काढतो, गाडी स्वतःच्या कामाला नेतो, परत येतो आणि वायर जोडतो. फक्त जोडायला उशीर करतो. मुख्य रस्त्याला लागल्यावर पाचेक किलोमीटरनी त्याला आठवण होते. चोर असाच सापडतो."

मावशीने डोळे बारीक केले. "स्वतःचं काम म्हंजे कसलं?"

आणि इथे मी ते वाक्य बोललो. का बोललो, देव जाणे. समोर ऐकणारं माणूस असं टक लावून बसलं की माझ्या तोंडाला आवर राहत नाही.

"रोज, ठरलेल्या वेळी, थोडा वेळ... मावशी, एवढ्या नेमाने पुरुषमाणूस एकाच ठिकाणी जातो. तिच्याकडे."

"तिच्याकडं म्हंजे कुनाकडं?"

"ते मी शोधतो. सोमवारी त्याच्या मागे जातो. तोवर कोणाला बोलू नकोस."

मावशी म्हणाली, नाय बोलणार. आणि ती खरंच बोलली नसेल. फक्त वहिनीला सांगितलं असेल, तेही विश्वासाने. कोळीवाड्यात विश्वासाने सांगितलेली गोष्ट भरतीच्या आधी पोचते.

सोमवारी सहाला मी स्कूटर घेऊन मढच्या धक्क्याजवळ दबा धरून होतो. हेल्मेट, काळा चष्मा, तोंडावर रुमाल. ओळखायची बिशाद नाही! स्कूटरच्या मीटरवरचा आकडा तळहातावर पेनाने लिहून ठेवला. वामन निघाला, मी मागे. मालाड, जोगेश्वरी, तिथून पवईच्या अंगाने मुलुंड. तो कुठेच वळला नाही. मुलुंडला माल उतरवला. एका बाईने पावती घेतली तेव्हा मी मान लांब करून बघितलं. ती साठीची होती. घाटकोपरला निघताना एका सिग्नलला मी अडकलो, गाडी नजरेआड झाली. हीच ती वेळ! सिग्नल सुटताच मी स्कूटर पिळली. पुढे पाचशे मीटरवर पिकअप रस्त्याच्या कडेला उभी. चहाच्या टपरीवरून वामन दोन ग्लास घेऊन सरळ माझ्याकडे आला.

"घ्या मास्तर. सिग्नलला मागे राहिलात म्हणून थांबलो."

मी रुमाल खाली केला. "अरे वामन! तू इकडे कुठे?"

"मी रोज इकडेच," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने हा पानभर संवाद झाला.

मी आपला कुठल्यातरी घाटकोपरच्या मामांची तब्येत त्याला सविस्तर सांगत राहिलो. नंतर परतीच्या वाटेवरही त्याच्या मागेच गेलो, कारण आता लपण्यासारखं उरलं नव्हतं आणि माझा हट्ट मात्र शाबूत होता. दुपारी धक्क्यावर पोचलो. मावशी उभीच होती, आणि तिच्या आजूबाजूला मासे वाळत घालणाऱ्या आठ-दहा बायका, ज्यांना अर्थातच काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मी तळहात बघितला, वजाबाकी केली. चौऱ्याऐंशी. पिकअपमध्ये डोकावलो, वामनने वहीत टिपलेला सकाळचा आकडा मीटरमधून वजा केला. एकोणऐंशी.

"पकडला!" मी ओरडलो. खोटं कशाला सांगू, दोन्ही हात वर करून ओरडलो. "एकाच रस्त्याने, एकामागे एक, आणि पाच किलोमीटर गायब! माझ्या डोळ्यांदेखत वायर काढलीस तू!"

मावशीने हात पुढे केला. वामनने किल्ली तिच्या हातावर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, वायर बघून घ्या."

मी शर्टाची पर्वा न करता गाडीखाली शिरलो. वायरचा नट खाऱ्या हवेने इतका गंजला होता की नट आणि लोखंड एकच झालं होतं. मी बोटांनी पिळला, पान्याने पिळला. हलेना. त्या नटाला कित्येक वर्षांत कोणाचा हात लागला नव्हता.

गाडीखाली उताणा पडून मी बाजूला मान वळवली. नाकापासून वीतभर अंतरावर टायर होता. माझा टायर. त्यावर ठसठशीत २३५/७५ आर १५.

मंडळी, मीटर काय मोजतो? मीटर रस्ता मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो, आणि कंपनीने ठरवून दिलेल्या जुन्या चाकाच्या हिशेबाने त्याचे किलोमीटर करतो. चाक उंच झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते. फेरे कमी होतात, मीटर कमी दाखवतो. रस्ता तेवढाच राहतो, डिझेल तेवढंच लागतं. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण आम्हा टायरवाल्यांची एक खोड आहे. आम्ही गाडी कायम उभी असतानाच बघतो. रुंदी मोजली, उंची मोजली, घासतं का बघितलं, वजन बघितलं. चाक फिरतंही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आता माझ्या हातून घडलेली सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. ती ही चूक नव्हे. मी गाडीखालून बाहेर आलो, शर्ट झटकला, आणि म्हणालो, "जरा दुकानात जाऊन तपासून सांगतो." आणि निघून गेलो. किल्ली मावशीच्या हातात, वामन उन्हात उभा, बायका बघतायत.

दुकानात मी जुना टायर काढला. फरशीवर खडूची रेघ, टायरवर खडूची रेघ, एक पूर्ण फेरा लोटला आणि मोजला. मग नव्या मापाचा तसाच. फरक पाच इंच. एका फेऱ्यात पाच इंच, आणि दिवसभराचे मिळून ते पाच किलोमीटर. सगळं तिथे फरशीवर होतं. मी ते पुसलं आणि दोन दिवस गप्प बसलो.

का? कारण मी टायरमास्तर! ज्याने लादीवाल्याला मूठ दाखवली तो मी. आता धक्क्यावर जाऊन काय सांगू? मनाशी म्हटलं, मावशीचा राग उतरेल, ती स्वतःच त्याला बोलावेल. बुधवारी संध्याकाळी बर्फाचा ट्रकवाला हवा भरायला आला आणि सहज म्हणाला, "त्या वामनला आता धक्क्यावर कोण गाडी देणार? आणि घरात वेगळीच बोंब. बायको बोलत नाही म्हणे. बाईची भानगड होती ना."

गुरुवारी सकाळी मी जुना टायर स्कूटरच्या पुढ्यात घेऊन मढला गेलो. जाताना मालाडहून वामनला निरोप देऊन बोलावून घेतलं. धक्क्यावर सगळ्या बायकांसमोर सपाट सिमेंटवर खडूची रेघ ओढली. एक फेरा जुन्या टायरचा. मग मावशीच्या पिकअपला धक्का मारून एक फेरा नव्याचा. मोजपट्टी मी हातात घेतली नाही, मावशीच्या हातात दिली.

मावशीने दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा एका दुसऱ्या बाईकडून मोजून घेतलं. मग कमरेवर हात ठेवले.

"म्हंजे चोर यो टायर?"

"टायर नाही मावशी. मी."

"तू आकडे शिकवतोस रं लोकांना! फरशीवर लिवतोस!" तिने मला जे काही सुनावलं त्यातलं निम्मं दिवाळी अंकात छापता येणार नाही आणि उरलेलं निम्मं मला कळलं नाही. बायका हसत होत्या. मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि खरं सांगतो, बरं वाटत होतं.

शेवटी मावशीने किल्ली वामनसमोर धरली. "घे. चुकलं माजं."

वामनने किल्ली लगेच घेतली नाही. तो माझ्याकडे बघून बोलला, आणि मी त्याच्या तोंडून ऐकलेलं हे सगळ्यात लांब भाषण: "मास्तर, वही मीच लिहितो. चोरी करायची असती तर वहीत चौऱ्याऐंशीच लिहिले असते ना? एवढंपण तुमच्या डोक्यात आलं नाही?"

मी म्हटलं, "नाही आलं."

"मग आता माझ्या घरी चला. मावशीचं झालं. शुभांगीला तुम्ही सांगा. माझं ती ऐकत नाही."

मालाडला चाळीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. वामनची बायको शुभांगी कोलंबी सोलत बसली होती. आम्हाला बघून उठली नाही. वामन दाराबाहेरच थांबला. मी खाली बसलो. फरशीवर खडू चालवायची सोय नव्हती, म्हणून तिचीच परात रिकामी करून तिची कड आणि एका वाटीची कड घेऊन दाखवलं. वाटीचे फेरे जास्त, परातीचे कमी, जमीन तेवढीच. टक्के सांगितले, भिंतीची उंची सांगितली, पाच इंच सांगितले. दुकानात कधी समजावलं नसेल इतकं नीट समजावलं. मीटरच्या नटाचा गंजसुद्धा सांगितला. वामन एकदाही कुठे वळला नाही, मी दिवसभर मागे होतो, शपथ घेऊन सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. परात माझ्या हातातून घेतली, विसळली, आणि कोलंबी परत त्यात ओतली.

"टायराचा माका समाजला, भावजी," ती म्हणाली. "सोप्पा आसा. मीटर कमी दाखवता." मग हात पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. "पण पाच किलोमीटर कमी पडले, तर तुमच्या डोक्यात बाईच कित्याक इली?"

मी परातीकडे बघत राहिलो. ती दाराबाहेरच्या वामनकडे बघून म्हणाली, "आत येवा. जेवण वाढतंय," आणि त्याचं नि स्वतःचं, अशी दोनच पानं मांडली. मी उठलो, चपला घातल्या आणि जिना उतरलो.